बातम्यांनंतरचं माझं भाषण

पाण्याच्या टँकरचा ड्रायव्हर चोर आहे, असं मी भर चावडीवर जाहीर केलं, आणि तो चोर नव्हता.

हल्ली संध्याकाळी टीव्हीवर टेबल आपटत, ‘जनतेला उत्तर हवंय’ म्हणून ओरडणारी मंडळी दिसली की घरातले वैतागतात. मी मात्र मान खाली घालतो. सख्खी भावकी ती माझी. टीव्ही आमच्याकडे पोचायच्या कितीतरी आधी हाच धंदा मी तिसगावात करत होतो, तोही फुकटात.

बहात्तरचा दुष्काळ होता. मी ग्रामपंचायतीत कारकून, आणि पंचायतीचा रेडिओ माझ्या ताब्यात. दिवसभर खडी फोडून आलेली माणसं संध्याकाळी चावडीसमोर बसून बातम्या ऐकायची. बातम्या संपल्या की मी रेडिओ बंद करून ओट्यावर उभा राहायचो. “हे झालं सरकारचं. आता आपलं ऐका!”

सुरुवातीला मी नुसता अवघड शब्दांचा अर्थ सांगायचो, तेव्हा माणसं जांभया द्यायची. एकदा एका मंत्र्याची नक्कल केली, हशा पिकला. दुसऱ्या दिवशी विचारलं, “आपल्या वाटणीचं पाणी कोण पितंय?” तर टाळ्या! कोण पितंय ते मलाही ठाऊक नव्हतं. पण त्या वर्षी पोटभर मिळणारी एवढी एकच गोष्ट होती, टाळी. मी तिच्यावर जगायला लागलो.

टँकर रोज दुपारी यायचा आणि गावच्या आटलेल्या विहिरीत पाणी सोडायचा. मग बायका ते शेंदून न्यायच्या. एके दिवशी गावाबाहेरच्या वळणावर मला रस्त्याच्या कडेला ओल दिसली. झालं! त्या संध्याकाळी मी ओट्यावरून विचारलं, “टँकर विहिरीवर यायच्या आधी कुठं हलका होतो?”

दुसऱ्या दिवशी लोकांनी टँकर अडवला. कुणीतरी ड्रायव्हरच्या कानफटात मारली. तो राहात्याकडचा, बापडा अबोल माणूस. गाल चोळत म्हणाला, “वळनावरच्या वस्तीवर एक म्हातारी हाय. तिला दोन हंडे देतो. दुसरं काय न्हाई.”

“म्हातारीला का म्हातारीच्या उसाला?” मी म्हणालो. त्या रानात कुसळही उगवलं नव्हतं. तरी सगळे हसले.

टँकर वाटेत थांबू नये म्हणून रोज त्यावर एक माणूस बसवायचं ठरलं. कोण, ते सांगायला नको. मी केबिनमध्ये असा बसलो, जणू मिरवणूक निघालीय.

वळणावर म्हातारी उभी होती. नवरा कधीच गेलेला, मुलगा श्रीरामपूरकडे ऊसतोडीला, आणि एक पाय अधू. तिनं हात वर केला. मी पुढाऱ्यासारखे हात जोडले.

ड्रायव्हरनं गाडी हळू केली. “तिला हिरीवर यायला जमत न्हाई वो.”

“चला! नियम सगळ्यांना सारखा.”

हे वाक्य मला इतकं आवडलं की संध्याकाळी ओट्यावर पुन्हा म्हटलं. टाळ्या पडल्या. म्हातारीला पाणी कुठून मिळणार, हे टाळ्या वाजवणाऱ्यांतल्या एकानंही विचारलं नाही. मीही नाही.

दोन दिवस ती तशीच उभी दिसली, हातात रिकामी कळशी धरून. तिसऱ्या दिवशी वळणावर कुणी नव्हतं. मला हायसं वाटलं, हे लिहायला आजही लाज वाटते. विहिरीच्या अलीकडे पोचलो तर रस्त्यात बायकांचा घोळका. म्हातारी सकाळीच निघाली होती. अर्धा कोस त्या पायानं, त्या उन्हात. बाया तिच्या तोंडात पाणी सोडत होत्या, ते ओठांच्या कडेनं खाली येत होतं. ड्रायव्हरनं उडी मारली, तिचं डोकं मांडीवर घेतलं. माझ्याकडे त्यानं बघितलंसुद्धा नाही. मी खाली उतरलो आणि काय करावं ते न सुचून सवयीनं ओरडलो, “बाजूला व्हा, वारा येऊ द्या!” सगळ्या बाजूला झाल्या. त्याचा काही उपयोग झाला नाही.

मुलगा दुसऱ्या दिवशी एसटीनं आला. त्याच्या वस्तीवर मी चार दिवसांनी गेलो, तोवर धीरच होईना. दारातला रांजण त्यानं पालथा घालून ठेवला होता. तो शेजारी उकिडवा बसलेला.

मी म्हणालो, “चूक माझी झाली. आज बातम्या झाल्या की ओट्यावरून सगळ्या गावासमोर सांगतो. तुझ्या आईचं सगळं सांगतो. कुणाच्याही डोळ्यांत पाणी येईल, असं बोलतो.”

त्यानं मान वर करून माझ्याकडे बघितलं.

“भाऊसाहेब,” तो म्हणाला, “माज्या आईवर तरी टाळ्या घेऊ नगा.”