कोपऱ्याचा प्लॉट

मोची बूशाइबच्या बायकोने म्हणे शहरात दुसरा पुरुष धरलाय. ही कुजबूज गच्चीवर जन्मली, वाळत घातलेल्या चादरींच्या आड, आणि संध्याकाळच्या अजानीच्या आत तळमजल्याला पोचलीसुद्धा. शेजारची हद्दा शपथेवर सांगते की ती काहीच बोलली नाही, तिने फक्त विचारलं. हद्दाचं विचारणं म्हणजे काय असतं, ते तिच्या भिंतीला भिंत लावून राहिलेल्यालाच कळतं.

आणि पुरावाही काही कमी नव्हता. बूशाइबची ही तामू पन्नाशीची बाई, आठवडाभर बेपत्ता. सोमवारी दुपारी मोकळ्या मैदानातून चालत यायची आणि जिना चढताना मागे नारिंगीच्या फुलांचा वास ठेवून जायची. गाल तुकतुकीत. टाचा लोण्यासारख्या, भेग म्हणून नाही. "या वयात बाईच्या टाचा अशा कधी होतात, सांगा बरं," एवढं म्हणून हद्दा ओठ दाबून घ्यायची. उरलेलं ऐकणाऱ्याने आपापल्या वकुबाप्रमाणे समजून घ्यायचं.

बूशाइबला कोणी छेडलंच, तर तो सांगायचा की तामूची बहीण आजारी आहे, तिची सेवा करायला जाते.

"बा बूशाइब," हद्दा एकदा भर जिन्यात म्हणाली, "दोन रमजान उलटले. तुमची मेव्हणी बरीही होत नाही आणि मरतही नाही. कसला आजार म्हणायचा हा?"

आता या आजाराचं मूळ बघायचं तर मागे जावं लागेल, कासाब्लांकाच्या जुन्या गिरण्यांमागच्या पत्र्याच्या वस्तीत. बूशाइब त्या वस्तीच्या तोंडाशी प्लास्टिकच्या कापडाखाली बसून चपला शिवायचा. तामू दोन गल्ल्या पलीकडच्या हमामात, म्हणजे सार्वजनिक न्हाणीघरात, बायकांची अंगं घासायची. हात असा की लग्न ठरलेल्या मुली तिच्याच नावाने यायच्या. घर चालायचं ते तिच्या हातावर. त्याच्या चपलांवर चहा-साखर निघायची. हे दोघांनाही माहीत होतं आणि दोघंही बोलत नसत.

मग वस्ती पाडायचं ठरलं. शहराबाहेर, जिथे तोवर फक्त बार्ली उगवायची, तिथे दोन कुटुंबांत मिळून एक प्लॉट. बांधायला पैसा कोणाकडेच नाही, म्हणून एक थैलीवाला, म्हणजे पैसा लावणारा, गाठायचा. तो इमारत उभी करणार, खालचे मजले स्वतःला ठेवणार, वरचा एकेक मजला या दोन कुटुंबांना देणार. हा व्यवहार पोराटोरांनाही पाठ होता. बूशाइबलाही होता.

सोडतीच्या दिवशी शाळेच्या अंगणात सगळी वस्ती जमली. बूशाइबच्या नशिबाने अगदी कडेचा प्लॉट आला, जिथे शहरातून येणारी बस वळसा घेऊन परत जाते. जिलाली नावाच्या लोहाराला मिळाला आत खोलवरचा, पण कोपऱ्याचा. दोन्ही अंगांनी मोकळा, दोन्हीकडे दुकानं काढता येतील असा. बूशाइबचा जीव त्या कोपऱ्यावर जडला. दाराला रंग दिलाय, वर आपलं नाव आहे, आत आपण उंच स्टुलावर बसलोय, हे सगळं त्याला तिथेच उन्हात दिसायला लागलं.

तामूने त्याच्या पायघोळ जेलाबाची बाही ओढली. "बूशाइब, हमाम पहाटे उघडतो. मला बस पाहिजे, कोपरा घेऊन काय करू?"

"बसचं काय घेऊन बसलीस? नकाशात रस्ता आखलाय, हा एवढा जाड. आज तिथे थांबते, उद्या आपल्या दारात थांबेल."

अदलाबदल झाली. जिलालीने मिठी मारली, बायकांनी आरोळ्या दिल्या, कुणी नशीबवान म्हणून बूशाइबच्या कपाळाचं चुंबनही घेतलं. आणि त्याला हसण्यात अर्थ नाही, कारण ही चूक आमच्यातल्या कोणीही केली असती. पत्र्याच्या घराला मजले नसतात. ज्याची खोली कोपऱ्यावर, त्याचं दुकान कोपऱ्यावर, हेच आम्ही जन्मभर पाहिलेलं. तळमजला थैलीवाल्याचा असतो हे बूशाइबच्या कानांना ठाऊक होतं. जन्मभर जमिनीलगत राहिलेल्या त्याच्या पायांना ते ठाऊक नव्हतं.

इमारत उभी राहिली तेव्हा पायांनाही कळलं. कोपऱ्यावर दोन दुकानं निघाली. थैलीवाल्याने एक मोबाइल दुरुस्तीवाल्याला दिलं, दुसरं ब्लीच आणि झाडू विकणाऱ्याला. बूशाइबला तिसरा मजला आला. नळाचं पाणी, विजेचं बटण, खिडकी. तामूने पहिल्याच दिवशी खिडकीत तुळशीच्या जातीची ती आपली हब्क्याची कुंडी ठेवली आणि नळ उगाचच उघडून बंद करून पाहिला. सगळं खरं होतं. पण चप्पल शिवून घ्यायला तिसऱ्या मजल्यावर कोण चढणार? थैलीवाल्याच्या हातापाया पडून त्याने जिन्याखालची सांद मिळवली. तिथे सरळ बसलं तर डोकं आपटतं.

आणि रस्ता नकाशातच राहिला. बस जिलालीच्या दाराशी वळते. त्याची बायको पहिल्या थांब्यावर चढून खिडकीजवळची जागा पकडते. आमच्या कोपऱ्यावरून तिथे जायचं तर अंधारात मैदान, मैदानात कुत्री, आणि टॅक्सीवाले आत यायला तयार नाहीत. तामू धापा टाकत हमामात पोचायची तोवर तिच्या बादल्या भरून तिची गिऱ्हाइकं दुसरीने धरलेली असायची. मालकिणीने समज दिली, पुन्हा उशीर झाला तर येऊच नकोस. तेव्हा तामूने आपली सोय लावली आणि बूशाइबने मेव्हणी आजारी पाडली. ओळखीचे सगळे सोडतीत चहूकडे पांगलेले, नव्या शेजाऱ्यांना तामू काय काम करते याची गंधवार्ता नाही. त्यामुळे हे खपलं.

हद्दाचा प्रश्न तामूच्या कानी पडला तो एका सोमवारी, जिन्यातच. ती वर आली, हरीऱ्याचं, त्या दाट सुपाचं, पातेलं चुलीवर ठेवलं, वाटाणे पाखडता पाखडता म्हणाली, "खाली माझ्याबद्दल काय बोलतात, ऐकलंस?"

"लोकांना काय, बोलतात."

"आणि तू काय बोलतोस?"

बूशाइबने सुईत दोरा ओवायला घेतला. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं, पण त्या वाक्यात तो स्वतः होता, त्याचा कोपरा होता, जिलालीची मिठी होती. बायको बिघडली तर बोल बायकोला लागतो. नवऱ्याची लोक कीव करतात, शुक्रवारी कुसकुसचं ताट पाठवतात. हा हिशेब त्याने कधी उघड मांडला नव्हता. पण तो रोज त्याच्यावरच जगत होता.

तामूने त्याचा चेहरा वाचला. "जिन्यात उभा राहा आणि सांग, माझी बायको कुठे असते आणि का असते. पुढच्या सोमवारच्या आत. नाहीतर हे घर तुझं तुला लखलाभ, मी हा जिना चढायची नाही."

संधी आयती चालून आली. त्याच आठवड्यात विद्यापीठातली एक मुलगी दारोदार फिरत होती. नवं घर मिळालेल्यांचं भलं झालं की वाईट, काम किती लांब पडतं, याचा तिचा अभ्यास चालला होता. पोरगी गुणी, जिन्याच्या पायरीवर बसली, बूशाइबला आधी त्याच्या धंद्याचं विचारलं, मनापासून ऐकलं. मग म्हणाली, "आणि बा, तुमच्या घरच्या? त्या कामाला कुठे जातात?"

वरच्या वळणावर हद्दाचं फडकं पिळता पिळता थांबलं. बूशाइबचा दाभण हातातल्या चपलेच्या तळात रुतून राहिला. त्याने तोंड उघडलं.

"ती कुठेच जात नाही. घरीच असते."

"घरीच असते पोरी," वरून हद्दा म्हणाली, "फक्त कुणाच्या, ते विचारू नकोस."

सगळा जिना हसला. बूशाइबही हसला.

मुलगी गोंधळली, आभार मानून पुढच्या दाराला गेली. तिच्या अभ्यासात तामू घर मिळाल्यावर काम सोडून बसलेल्या बायकांत जमा झाली असणार. अशा बायका आमच्याकडे पुष्कळ आहेत, त्यात एक जादा. आणि जिन्यातलं ते हसणं बसची वाट न बघता तामूच्या कानावर गेलं.

सोमवारी बूशाइबने पुदिना आणला, फरशी पुसली, आणि कोपऱ्यावर मैदानाकडे तोंड करून उभा राहिला. बसची माणसं आली, पांगली. त्याच्या पुढल्या सोमवारीही आली. खिडकीतला हब्का वाळला.

हद्दा शुक्रवारी न चुकता ताट पाठवते, वर भोपळ्याची मोठी फोड ठेवून. तामूचा तो पुरुष आता मसाल्याचा व्यापारी झालाय, त्याला गाडीही आहे. बूशाइब ताट घेतो आणि मान खाली घालून खातो.

तामूचा दुसरा पुरुष कधीच नव्हता. ती हमामच्या भट्टीशेजारी भुशाच्या पोत्यांवर झोपायची, कारण पहाटेची बस आमच्या कोपऱ्यापर्यंत येत नाही. अजूनही ती तिथेच झोपते.