माझ्याच चपलेचा ठसा

कापसाचे भाव पडलेली ती वर्षं. आमच्या घरी शेतकरी मोर्चांच्या पत्रकांचे गठ्ठे पडलेले असत आणि प्रत्येक पत्रकाचा शेवट ‘चौकशी झालीच पाहिजे’ असा होई. ती वाचत मोठी झालेली मी अमरावतीत न्यायवैद्यक विज्ञानाच्या व्यवसाय अभ्यासक्रमाला गेले, तर पहिली चौकशी माझीच निघाली.

परीक्षा होती. आम्ही प्रयोगशाळेत लेखी पेपर देत असताना सरांनी इमारतीमागच्या ओल्या काळ्या मातीत ‘चोराचे’ ठसे उमटवले. ठशात प्लास्टर ओतून साचा काढायचा आणि चोर ओळखायचा. मी वाळलेला साचा उलटा केला. अंगठ्याखाली झिजलेली नक्षी, टाचेला मोच्यानं ठोकलेला खिळा. चप्पल माझीच!

"लिहू नोको," अकोल्याची मैत्रीण कुजबुजली. "सोताच चोर होऊन राहिली काय? सर नापास करतीन तुले."

"पुरावा हाय. लिहीन."

लिहिलं. मग पुन्हा साचा निरखला, तर चपलेच्या मागे उघड्या टाचेची कोर उमटलेली दिसली. म्हणजे चोराचा पाय माझ्या पायापेक्षा मोठा होता. आम्ही चपला प्रयोगशाळेच्या दारात काढायचो, आणि दारातली हाती लागेल ती चप्पल पायात सरकवून बाहेर जायची रीत तर आमच्याकडे घरोघरी. मी सरांच्या टाचांकडे पाहिलं. काळी माती वाळून चिकटली होती.

"सर, चोर तुमीच!"

सर पोट धरून हसले.

"आरोप झाला, पोरी. आता माह्या टाचेचा साचा काढून जुळव, मंग मार्क देतो."

जुळला.