वाळवणखोलीतलं बहुमत

वहिनींना दीर एकच, पण तो दहांना भारी होता. मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवायचा. चालवायचा म्हणजे शटर वर असायचं, आणि हा आत गिऱ्हाइकाला जगाचं भवितव्य समजावत बसलेला असायचा. गिऱ्हाइकाला आपला फोन कधी मिळणार एवढंच हवं असायचं.

वहिनींची स्वतःची लाँड्री होती. पुढे काउंटर, मधे धुण्याचे दोन ड्रम आणि चादरी सरळ करणारा इस्त्रीचा मोठा रोलर, आणि मागे वाळवणखोली. दमट हवेत कपडा बाहेर वाळत नाही, म्हणून त्या खोलीत दोऱ्या बांधून खाली हीटर लावायचा. सगळा धंदा उभा होता तो एका हॉस्पिटलच्या चादरींवर. शर्ट-साड्या इस्त्री करून चहाचा खर्च निघतो, घर नाही चालत. गल्लीतले सगळे त्यांना वहिनीच म्हणत. हॉस्पिटलच्या मेट्रनबाई वयाने मोठ्या, त्याही वहिनीच म्हणत. फक्त रागावल्या की ‘मॅडम’ म्हणत.

भाऊजींनी ती मशिनं आणली तेव्हा त्यांच्या अंगात वारं शिरल्यासारखं झालं होतं. मशीन म्हणजे बुटाच्या खोक्याहून थोडा मोठा लोखंडी डबा, दोन्ही तोंडांना पंखे. वहिनींना त्यांनी समजावलं ते असं, की हे डबे अहोरात्र एक आकडा ओळखत बसतात. जगभर असे लाखो डबे तेच करत असतात. ज्याचा आकडा लागला त्याला इंटरनेटवरचं एक नाणं मिळतं. एकट्याचा लागायला जन्म जाईल, म्हणून हजारो जण मिळून ओळखतात आणि आलेलं वाटून घेतात. नाणं हातात धरता येत नाही, पण विकता येतं.

“मग पोरखेळच की,” वहिनी म्हणाल्या.

भाऊजींना तो शब्द लागला. नाणं ही लहान गोष्ट, त्यांनी सांगितलं. मोठी गोष्ट ही, की या सगळ्या कारभाराला मालक नाही. बँक नाही, साहेब नाही. डबे जितके विखुरलेले तितकं जाळं मजबूत. अर्ध्याहून जास्त जोर एकाच्या हातात गेला की संपलं, मग तो म्हणेल ती पूर्व दिशा. म्हणून त्यांनी स्वतःपुरते तीनच डबे घेतले आणि बाकीचे चौघांच्या गळ्यात मारले. एक बहिणीच्या, म्हणजे वहिनींच्या नणंदेच्या घरी. एक न्हाव्याच्या दुकानात. एक निवृत्त मास्तरांकडे आणि एक मामांकडे. चौघांनी आपापल्या पैशाने घेतला. भाऊजींची जीभच तशी होती, वाळूसुद्धा विकली असती त्यांनी.

स्वतःचे तीन मात्र त्यांनी वाळवणखोलीत आणून ठेवले. दुकानात जागा नव्हती. शिवाय डबे तापतात, त्या उष्णतेने चादरी वाळतील, हीटरचा खर्च वाचेल. हे मात्र खरं निघालं, आणि इथेच वहिनी फसल्या.

चादरींतून उडणारा बारीक कापूस पंख्यांत अडकायचा. पंखे घरघरायचे, मग कोकलायचे, मग डबा गप्प व्हायचा. भाऊजी यायचे, डबा उघडायचे, आतून उशीत भरावा एवढा कापूस काढायचे आणि वहिनींकडे असं बघायचे, जणू त्यांनीच तो कोंबलाय. शेवटी वहिनींनी जुन्या मलमलीच्या पिशव्या शिवून पंख्यांच्या तोंडाला बांधल्या. त्या रोज झटकायचं काम अर्थात त्यांचंच.

मग एक दिवस नणंद रिक्षातून डबा घेऊन आली. तिच्या घरी जिन्याखाली ठेवला होता. सासरे म्हणत होते, घरात विमान उतरतंय. त्यात जगात डबे वाढत चाललेले, आणि डबे वाढले की आकडाही मुद्दाम अवघड होतो म्हणे. त्यामुळे पदरात पडणारं रोज आटत चाललेलं आणि विजेचं बिल तिथल्या तिथे. लाँड्रीला उद्योगाचा दर, घरापेक्षा स्वस्त. “वहिनी, तुमच्या पाया पडते, हे ठेवून घ्या. काही निघालं तर तुमचं. माझ्या घरात फक्त पुन्हा येऊ देऊ नका.”

मग न्हावी आला. दाढी करून घेणारी माणसं आवाजाने दचकतात, आणि गळ्यावर वस्तरा असताना माणसाने दचकू नये. मग मास्तर आले आणि कारण सांगायला अर्धा तास बसले. मामांनी कारण सांगितलंच नाही. डबा काउंटरवर आदळला, “घे बाई” म्हणाले आणि गेले.

अशा रीतीने गावभर विखुरलेलं जाळं वहिनींच्या वाळवणखोलीत येऊन गोळा झालं. खोलीची भट्टी झाली. चादरी तासात कडक वाळायच्या, पण मधल्या खोलीत रोलर सुरू केला की मेन स्विच खटकन पडायचा. एवढ्या विजेचा भार त्या जोडणीला पेलायचाच नाही. स्विच पडला की रोलर थंड, तो तापायला पुन्हा तेवढाच वेळ. आठवडाभर चादरी उशिरा गेल्या. नवरा टेम्पोत बसून हॉर्न वाजवायचा. बाकी त्याचं या विषयावर काही मत नव्हतं. त्या सकाळी मेट्रनबाईंचा फोन आला. आज दुपारी चादरी आल्या नाहीत तर उद्यापासून दुसरी लाँड्री. त्या ‘मॅडम’ म्हणाल्या होत्या.

वहिनींनी भाऊजींना बोलावून सरळ सांगितलं, की रोलर चालू असेपर्यंत डबे बंद.

भाऊजींनी कपाळाला हात लावला. दिवसभर बंद ठेवायचे तर मग काय उरणार? आणि असं एकाने उठून ठरवायचं नसतं. ही सगळी व्यवस्थाच मुळी मतावर चालते. ज्याचा जितका जोर त्याची तितकी मतं. सात डबे, सात मतं.

“आणि माझं?” वहिनींनी विचारलं.

“तुमचं मशीन नाही ना, वहिनी.”

खोली वहिनींची, भिंती वहिनींच्या, विजेचा मीटर वहिनींच्या नावावर, मलमलीच्या पिशव्या वहिनींनी झटकलेल्या. आणि मत नाही. त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण हातात ओली चादर होती, ती त्यांनी आधी पिळली.

भाऊजींनी तोवर स्पीकर लावून बहिणीला फोन केला. मोठ्या गंभीरपणे तिला विषय सांगितला आणि मत मागितलं.

“माझं कसलं मशीन?” ती म्हणाली. “ते मी वहिनींना दिलं. त्यांना विचार. आणि दादा, परत इकडे पाठवलंस तर बघ.”

न्हाव्याने मागे कात्री चालवत तेच सांगितलं, देऊन टाकलंय, विषय संपला. मास्तरांनी दान केलेल्या वस्तूवर दात्याचा हक्क राहत नाही हे उदाहरणांसह समजावलं. भाऊजींनी तीनदा “हो सर” म्हणून फोन ठेवला. मामांनी उचललाच नाही. मग स्वतःच उलटा फोन करून सांगितलं, त्या डब्याबद्दल असेल तर मी घरी नाही.

भाऊजी फोनकडे बघत राहिले. वहिनीही. त्यांच्याही हे ध्यानात आलं नव्हतं.

“म्हणजे माझी चार,” त्या सावकाश म्हणाल्या.

“वहिनी, हेच. याच गोष्टीला मी घाबरत होतो. अर्ध्याहून जास्त जोर एका हातात.”

“घाबरा की मग. मी कुठे नाही म्हणते? पण घाबरता घाबरता त्या चादरीचं दुसरं टोक धरा.”

त्या मागे गेल्या आणि सातही डब्यांची बटणं एकेक करून बंद केली. पंखे कण्हत थांबले. कित्येक महिन्यांनंतर त्या खोलीत बाहेरचा रस्ता ऐकू आला, आणि त्यात नवऱ्याचा हॉर्नही. रोलर तापला, स्विच जागचा हलला नाही. भाऊजी एका टोकाला, वहिनी दुसऱ्या टोकाला. चादर रोलरमधून निघाली की घडी, मग पुढची. भाऊजींची घडी वाकडी यायची. वहिनी ती उलगडायच्या आणि पुन्हा करायला लावायच्या.

“संध्याकाळी मशिनं सुरू करायची ना?” भाऊजींनी बऱ्याच वेळाने विचारलं.

संध्याकाळी उद्याच्या ओल्या चादरी दोरीवर चढणार होत्या, आणि हीटर तर वहिनींनी कधीच भंगारात घातला होता. याचाच त्यांना सगळ्यात जास्त राग आला.

“बघू,” त्या म्हणाल्या. “मत घेते. कोपरा नीट धरा.”