दक्षिण स्वस्त पडते

बंबमामा हे नाव गल्लीने ठेवलं. माझा तो सख्खा मामा, आणि काम बॉयलर दुरुस्तीचं. इमारतींच्या तळघरात जे मोठे बॉयलर असतात, ज्यांचं गरम पाणी नळ्यांतून खोल्याखोल्यांत फिरतं आणि त्यावर माणसं हिवाळा काढतात, ते तो चालते ठेवायचा. आमच्या उत्तरेच्या राज्यात अर्ध्याहून जास्त वर्ष बर्फ असतो. उरलेलं वर्ष लोक बर्फाबद्दल बोलतात. अशा ठिकाणी बॉयलरवाल्याला जो मान असतो तो डॉक्टरला नसतो, कारण डॉक्टर उद्या आला तरी चालतो.

मामाची एक खोड होती. कुठल्याही बॉयलरपुढे तो आधी नुसता उकिडवा बसायचा. बॅटरीचा झोत जोडांवर फिरवायचा, नट किती आवळलेत, कुठे जास्तीचा जोर लावलाय ते बघायचा आणि म्हणायचा, "हा हात माझा नाही." मग कोणाचा तेही सांगायचा. पुलापलीकडच्या टकल्या मिस्त्रीचा, किंवा स्वतःला मिस्त्री समजणाऱ्या शाळेच्या शिपायाचा. ही खोड घरीही सुटायची नाही. नोकरीसाठी मी या शहरात आले आणि मामाच्या घरात वरच्या खोलीत राहू लागले, तेव्हा भिंतीवर मी स्वतः एक फळी ठोकली. मामा वर आला, फळीकडे पाहिलं आणि म्हणाला, "हा हात तुझा. हिच्यावर काही ठेवू नकोस."

मामी शिवणकाम करायची. स्वयंपाकघराच्या खिडकीशी तिचं पायाचं मशीन. गल्लीतल्या सगळ्यांच्या कोटांची अस्तरं आणि बटणं तिच्याकडे यायची. चार भोकांच्या बटणाला ती दोऱ्याची फुली घालायची. बाकीचे शिंपी दोन सरळ रेघा ओढून मोकळे होतात. मामीला तो कामचुकारपणा वाटायचा. संध्याकाळी मामा खाली तळघरात आपल्याच बॉयलरशी खुडबुड करत बसायचा आणि वरून मशीनची घरघर ऐकू यायची. दोघं तासन्‌तास एकमेकांशी बोलायची नाहीत. आणि तरी घर बोलतंय असं वाटायचं.

मग मामीची बोटं दुखायला लागली. थंडी पडली की सांधे सुजायचे, सकाळी मूठ वळायची नाही. डॉक्टर म्हणाले, औषध देतो, पण खरं औषध म्हणजे ऊब. घराबाहेर पाऊल टाकल्यावरसुद्धा ऊब पाहिजे. इथेच राहिलात तर काही वर्षांत ही बोटं सुई धरायची नाहीत.

मामीचा धाकटा भाऊ दक्षिणेच्या राज्यात रंगाचं दुकान चालवतो. त्याचा दर रविवारी फोन यायचा आणि त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं.

"दाजी, मी बनियनवर बसलोय."

हे तो ऐन हिवाळ्यात सांगायचा, म्हणजे मामाला मुद्दाम डिवचायला. पण डॉक्टरांचं कळल्यावर तो गंभीर झाला. म्हणाला, "ताईला घेऊन इकडेच या. आमच्याच गल्लीत दोन खोल्या बघतो. इकडे सगळं स्वस्त आहे."

मामी मामाकडे बघून म्हणाली, "जायचं का?"

एवढंच म्हणाली. आणि मामाने जे उत्तर दिलं त्याचा मला आजही राग येतो. तो म्हणाला, "आधी तुलना करू."

तळघराच्या भिंतीवर त्याने खडूने दोन रकाने आखले. उत्तर आणि दक्षिण. बॉयलरवर दुरुस्तीची तारीख खडूने लिहायची सवय, त्यामुळे भिंत त्याला कागदापेक्षा जवळची. सुरुवातीला रकाने कोणीही आखेल तसेच होते. उत्तरेत इंधन, दक्षिणेत खोल्या थंड करायची वीज. उत्तरेत भाडं नाही, घर स्वतःचं, दक्षिणेत भाडं. मी विमा कंपनीत नोकरीला, म्हणून माझ्याकडून त्याने वादळाच्या विम्याचा आकडा काढून घेतला. तो आकडा ऐकून त्याला जो आनंद झाला तो लपवता लपेना.

मग तुलना हळूहळू वेड्यासारखी वाढत गेली. रविवारी मेहुण्याची उलटतपासणी सुरू झाली.

"तिकडे दूध बाहेर किती वेळ टिकतं?"

"बाहेर कशाला ठेवायचं, दाजी?"

"आमची गॅलरी म्हणजे अर्धं वर्ष फुकटचा फ्रिज आहे. ते धरायला नको?"

ते धरलं. दक्षिणेत माणूस दोनदा आंघोळ करतो म्हणून साबण धरला. शर्ट रोज धुवावा लागतो, म्हणजे तो लवकर विरतो, म्हणून शर्ट धरले. उत्तरेतला कोट मात्र एकदा घेतला की पंधरा-वीस वर्षं बघायला नको. मुंग्यांची पावडर धरली. एकदा तर मामा म्हणाला, "थंडीत वस्तू टिकते. माणूससुद्धा टिकतो."

"फ्रिजमधल्या कोबीसारखा," पलीकडून मेहुणा म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

खरं घोडं कुठे अडलं होतं ते घरात सगळ्यांना माहीत होतं. दक्षिणेत बॉयलर नाहीत. उभं आयुष्य ज्या एका गोष्टीत गेलं, ती तिकडे कोणाला लागतच नाही. एकदा मी विचारलं तेव्हा तो चिडून म्हणाला, "तिकडे मी काय दुरुस्त करू? ऊन?" पण मामीच्या बोटांसाठी भिंतीवर कुठे रकाना नव्हता, आणि हे मी त्याला तोंडावर सांगितलं. तो म्हणाला, "बोटांचा भाव काय लावायचा, सांग, लिहितो." मी रागाने वर निघून गेले.

मामीने तो विषय पुन्हा कधी काढला नाही. कोणी विचारलं तर म्हणायची, "आता बरं आहे." आणि खरंच, रोज संध्याकाळी मशीन चालायचं. हिवाळा आला, गेला, पुन्हा आला. गल्लीतले कोट येत होते, बटणं लागून परत जात होते. मामाने मनाशी धरलं की औषध लागू पडलं. तुलनेला घाई राहिली नाही. माणसाला जे ऐकायचं असतं ते तळघरातही स्पष्ट ऐकू येतं.

तिसऱ्या हिवाळ्यात मामा एका इमारतीच्या तळघरात बॉयलरखाली आडवा झाला होता. सरकताना कोटाचं बटण कशाला तरी अडकलं आणि दोऱ्यासकट तुटून आलं. कामाचा कोट, वर्षाकाठी दोन-तीन बटणं जायचीच. तो ते खिशात टाकणार, तेवढ्यात बॅटरीचा झोत त्यावर पडला. बटणात दोऱ्याच्या दोन सरळ रेघा होत्या.

मग त्याने कोट काढला आणि उरलेली बटणं पाहिली. सगळ्यांवर सरळ रेघा.

त्या दिवशी तो काम अर्धं सोडून घरी आला. हे त्याच्या हातून पूर्वी कधी झालं नव्हतं. त्या इमारतीतले लोक दुसऱ्या दिवसापर्यंत कुडकुडले आणि त्यांनी गल्लीत त्याची बदनामी केली. मी तेव्हा स्वयंपाकघरात चहा घेत होते. मामी मशीनशी बसली होती. मामाने बटण तिच्यापुढे ठेवलं.

"हा हात तुझा नाही."

मामीने बटण पाहिलं. "नाही," ती म्हणाली. "कोपऱ्यावरच्या शिंप्याचा आहे."

"कधीपासून?"

"गेल्याच्या गेल्या हिवाळ्यापासून. लोकांचे कोट घेते, त्याच्याकडे देते, आले की परत करते. सुई नाही धरता येत."

"अगं, मशीन तर रोज चालतं. मी ऐकतो ना."

"पाय चालतात," मामी म्हणाली.

मी मशीनकडे पाहिलं. सुईत दोरा नव्हता. खाली कापडही नव्हतं. दोन हिवाळे ती रोज संध्याकाळी रिकामं मशीन चालवत होती, आणि त्याच घरात राहून मला ते दिसलं नव्हतं.

मामा खुर्चीवर बसला. कोट काढायचंही त्याला सुचलं नाही. मग म्हणाला, "हे कशासाठी?"

"आवाज बंद झाला असता तर तुम्ही वर आला असता. मग जायचं निघालं असतं. तुमचं सगळं इथे आहे." मामी हे भांडणाच्या सुरात बोलत नव्हती. दूध संपलंय हे सांगावं तसं बोलत होती. "तुम्हाला तिकडे करमणार नाही हो."

मला रडू आलं. मी कपात तोंड घालून बसले.

मामा उठला आणि तळघरात गेला. मीही मागोमाग गेले, कारण त्याचा चेहरा मला ठीक वाटत नव्हता. तो भिंतीपुढे उभा होता. तीन वर्षांत खडूचं लिखाण छतापर्यंत चढलं होतं आणि दोन्ही रकान्यांखाली बेरजा होत्या. वर्षातून एकदा त्या मीच तपासून देत असे. दरवर्षी उत्तर स्वस्त निघत असे, आणि वादळाचा विमा धरला तर चांगलंच स्वस्त. साबण, शर्ट आणि मुंग्यांची पावडर वगळली तरी उत्तरच. मामाने फारशी लबाडी केली नव्हती. त्याला तिची गरजच पडली नव्हती.

त्याने बादलीतलं फडकं पिळलं आणि भिंत पुसायला घेतली. ओल्या भिंतीवर खडू पसरतो, त्यामुळे भिंत आधी पांढरी झाली. दुसऱ्या हाताला साफ झाली. मग हात कोटालाच पुसत तो वर आला आणि स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला.

"तुलना झाली," तो म्हणाला. "दक्षिण स्वस्त पडते."

माझ्या तोंडून निघून गेलं, "मामा, अरे, विमा धरला तर..."

"तुझ्या ऑफिसचे आकडे मला सांगू नकोस. तुला बेरीज येत नाही."

आयुष्यात पहिल्यांदा मला कोणी असं म्हणालं आणि मी ऐकून घेतलं. मामी माझ्याकडे बघत होती. रोज तळघरात जाऊन बटाटे आणणारी बाई ती. खालच्या दोन्ही बेरजा तिला तोंडपाठ असणार. तिने मला नजरेनेच गप्प केलं आणि मग मामाला म्हणाली, "खरंच?"

"बरीच स्वस्त पडते," मामा म्हणाला. "उगाच तीन वर्षं इथे पैसे घालवले."

"बरं," मामी म्हणाली.

बर्फ वितळायच्या आत ते गेले. पुलापलीकडचा टकल्या मिस्त्री मामाची गिऱ्हाइकं घ्यायला आला, तेव्हा मामाने त्याला प्रत्येक इमारतीत नेऊन प्रत्येक बॉयलरची खोड सांगितली, आणि शेवटी म्हणाला, "नट जरा कमी आवळत जा." घर माझ्याकडे राहिलं. घरचा बॉयलर कसा सांभाळायचा हे मामाने मला दाखवलं आणि वर सांगितलं की स्वतः काही करू नकोस, टकल्याला बोलाव.

पुढच्या हिवाळ्यात मी रजा घेऊन दक्षिणेला गेले. स्टेशनवर मामाचा मेहुणा आला होता. घरी नेता नेता म्हणाला, "दाजींना जरा समजाव. ऐकत नाहीत."

दोन खोल्यांचं घर, खिडकीतून थेट ऊन. आत पाऊल टाकल्याबरोबर मला घाम फुटला. थंड हवेचं यंत्र भिंतीवर होतं, बंद. पंखाही बंद. मामीच्या बोटांना गार वारा लागू नये म्हणून मामाने दोन्हींच्या बटणांवर चिकटपट्टी लावून टाकली होती. त्यामुळे विजेचा खर्च जवळजवळ शून्यावर आला होता. तुलनेत हे आम्ही धरलंच नव्हतं.

"बिल किती येतं?" मी सवयीने विचारलं.

"आलं की बघू," मामा म्हणाला. दुधाच्या टिकण्याचा हिशेब ठेवणारा माझा मामा.

बनियनवर मात्र तो बसला नव्हता. खोलीच्या मधोमध उभा होता, अंगात तो कामाचा जाडजूड कोट, कपाळावरून घाम हनुवटीपर्यंत आलेला. मामी त्याच्यापुढे स्टुलावर बसून बटणं लावत होती. शिंप्याची सगळी काढून टाकली होती. कोट असा अंगावर असतानाच बटण नीट बसतं, असं तिचं म्हणणं होतं. चार महिन्यांपूर्वी तिला सुईत दोरा ओवता आला, आणि तेव्हापासून घरातल्या ज्या वस्तूला बटण होतं त्या प्रत्येक वस्तूचं बटण तिने उसवून पुन्हा लावलं होतं. कोट शेवटी राहिला होता.

"मामी, इथे कोट कशाला लागणार आहे?"

"लागेल कधी," मामी सुई ओढत म्हणाली. बोटं थोडी वाकडी होती, पण वळत होती.

मामाने मान खाली घातली. वरचं बटण दोन बोटांत धरून उजेडाकडे वळवलं आणि त्यावरची फुली कितीतरी वेळ बघत राहिला. घामाचा एक थेंब मामीच्या हातावर पडला.

"हा हात तुझा," तो म्हणाला.

"हलू नका," मामी म्हणाली. "अजून दोन राहिलीत."