बाराव्याचा नाताळ

गोव्यातल्या पार्से गावच्या कृष्णनाथ परबाला राग आला की तो जेवण सोडत नाही, बोलणं सोडतो. त्याची बायको चंद्रावती म्हणते, जेवण सोडलं असतं तर निदान तांदूळ तरी वाचले असते. या अबोल्याने कुवेतमध्ये एकदा त्याचा घातच व्हायचा.

गोवा घटक राज्य व्हायच्या आदल्या वर्षीची गोष्ट. कृष्णनाथ तिथे एका वर्कशॉपात इलेक्ट्रिशियन होता. त्याच्या खोलीत दुसरी खाट इनासची. इनास वेल्डर, आसगावचा, म्हणजे आमच्या नदीपलीकडचा. परदेशात एवढं अंतर म्हणजे शेजारच की. दोघांच्या पहिल्या नाताळात इनासच्या आईने पत्र्याच्या डब्यातून नेवऱ्या पाठवल्या, तेव्हा त्याने पहिली नेवरी कृष्णनाथच्या हातावर ठेवली आणि मग स्वतः खाल्ली. आमच्या चवथीच्या करंज्या आणि ह्या नेवऱ्या, चव तीच.

मग गोव्यात राजभाषा कोकणी की मराठी यावरून रान पेटलं. सुट्टीवरून परतणाऱ्यांबरोबर शिळी वर्तमानपत्रं यायची आणि खोलीत ताजी भांडणं व्हायची. एका संध्याकाळी इनास बोलून गेला की तुम्ही मराठीवाले गोवा विकायला निघालात. कृष्णनाथला घरची आई आठवली. तिची पोथी मराठी, आरत्या मराठी. ती काय गोवा विकत होती? त्याने इनासशी बोलणं टाकलं. हे सगळं भांडण दोघं एकाच भाषेत, कोकणीत भांडले, पण ते त्यांना सांगणार कोण?

डिसेंबरात तार आली. आई गेली होती. धाकट्या भावाने, मधुकरने, अग्नीही दिला होता. पासपोर्ट मालकाच्या कपाटात आणि मालक सुट्टी द्यायला तयार नाही. इनास दारातच उभा होता, त्याने काय झालं म्हणून विचारलं. आवय गेली, एवढंच कृष्णनाथ म्हणाला. इनासने छातीवर खुरीस, म्हणजे क्रूस काढला आणि तो बाहेर निघून गेला.

गावात असता तर अख्खा वाडा दुखवट्याला येऊन बसला असता. इथे कृष्णनाथ एकटाच चटईवर झोपे, एक वेळ जेवे. दाढी वाढली, पण डोळ्यांतून टिपूस येईना. आईसाठी रडताही येत नाही याची त्याला भीती वाटायला लागली.

नाताळ आला. आसगावहून डबा आला, तो इनासने न उघडताच खाटेखाली सरकवला. दरवर्षीचा नक्षत्राचा दिवा खिडकीत लागला नाही. बाकीचे गोवेकर पलीकडच्या खोलीत गात-नाचत होते. इनास प्रार्थनेला तेवढा गेला आणि येऊन भिंतीकडे तोंड करून पडला. कृष्णनाथने त्याचा अर्थ स्वतःच्या स्वभावाप्रमाणे लावला. ह्याला माझ्यासमोर डबा उघडायचीही किळस येते. बारावा झाला की खोली बदलायची, असं त्याने ठरवूनच टाकलं. माणूस तिथे सावरला तर सावरतो, नाहीतर एकटा पडतो आणि दारूला लागतो. असे दोघेतिघे त्याने पाहिले होते.

बाराव्या दिवशी त्याने आंघोळ केली, दाढी केली आणि वळकटी बांधली. तेवढ्यात इनासने खाटेखालून डबा बाहेर ओढला. आईने मारलेली दोरीची गाठ तशीच होती.

"आज बारावो, न्हय रे?" इनासने विचारलं.

कृष्णनाथने मान हलवली. मग न राहवून महिनाभरानंतर पहिल्यांदा स्वतःहून बोलला. "डबो नाताळाक कित्याक उगडलो ना?"

"घरांत मरण जालां," इनास म्हणाला, "आनी हांव गोड खातलों?"

कृष्णनाथ जी खोली सोडून चालला होता, तिला इनास घर म्हणत होता. नेवऱ्या तोवर खवट झाल्या होत्या. इनासने पहिली नेवरी त्याच्या हातावर ठेवली. ती तोंडात गेली आणि इतके दिवस अडलेलं रडू आलं. इनासने स्वतःची नेवरी तशीच हातात धरून ठेवली आणि त्याचं रडणं होईपर्यंत खाल्ली नाही. वळकटी पुन्हा सोडली गेली.

भाषेवर मात्र दोघंही हटले नाहीत. वाद पुढेही घालत राहिले, फक्त अबोला कुणी धरला नाही. कृष्णनाथ आता पार्शात असतो, मराठीचा कट्टर. नाताळ कधी असतो, असं नातवंडांनी विचारलं की तो तारीख सांगत नाही.

"आवयच्या बाराव्याक," म्हणतो.