पासवर्ड लागलाच नाही

टेक्सासमधल्या प्लेनोच्या लायब्ररीबाहेर बाकावर बसून मी फोनवर भांडत होतो. माझ्या मसाल्यांची वेबसाइट हॅक झाली होती आणि ती जिच्या सर्व्हरवर होती ती होस्टिंग कंपनी माझ्याच पासवर्डला दोष देत होती. मी चिडून फोन आपटला.

“बघू, काका?” शेजारच्या अनोळखी बाईंनी माझ्या मांडीवरचा लॅपटॉप ओढून घेतला. सर्व्हरच्या नोंदींवरून पेन्सिल ओळीओळीनं फिरवत त्या एके ठिकाणी थांबल्या.

“वेबसाइट सांभाळायच्या पॅनलमध्ये, नाव लिहायच्या चौकटीत चोरानं सर्व्हरला हुकूम देणारी कमांड लिहिली. कंपनीच्या पॅनलनं न तपासता ती चालवली. पासवर्ड लागलाच नाही.”

“मग खोटं का बोलतात?” मी ओरडलो.

“तुम्ही ओरडता, म्हणून त्यांचं फावतं. ही ओळ वाचून दाखवा. हळू.”

मी पुन्हा फोन लावला, ओळ हळू वाचली. पलीकडच्या माणसानं ती पुन्हा वाचायला सांगितली. या वेळी मी फोन आपटला नाही, ओळ पुन्हा हळू वाचली.