लक्ष्मणच्या जपानी गाडीची वाट

गॅरेजात दोन गोष्टी कुणी न मागता साठत जातात. एक काळं ऑईल आणि दुसरे शौकीन लोकांचे किस्से. ऑईल तरी भंगारवाला घेऊन जातो. किस्से कोण नेणार? पडून राहिलेत डोक्यात, आणि आठवले की अजून डोकं तापतं.

परवाच नातवाच्या वयाची चार पोरं आली. जुनी जपानी गाडी, जमिनीला टेकवलेली, मागं पंख, आणि आवाज असा की म्हशीनं पान्हा चोरावा. मला शिकवायला लागली, "आजोबा, ही आमची नवीन लाईन आहे." नवीन! अरे गाढवांनो, तुमचे बाप चड्डीत होते तेव्हा आडगाव नाक्यावर माझ्या पत्र्याच्या शेडमध्ये हे सगळे धंदे करून झालेत. आणि एका चांगल्या गाडीची वाट लावून झाली आहे.

मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. लिहिताना चुकलं तर चुकलं. पण जे लिहितो ते डोळ्यांनी पाहिलेलं.

* * *

ऐंशी साल उलटून गेलं होतं. लक्ष्मण गांगुर्डे कुवेतला क्रेन चालवायला होता. परत आला तो गाडी घेऊन आला. जपानी, पांढरी, स्टेअरिंग डाव्या बाजूला. तेव्हा नाशकात अँबेसिडर असली तरी लोक वळून बघायचे. ही तर नुसती उभी राहिली तरी गर्दी जमायची. इंजिन चालू आहे का बंद हे बॉनेटला हात लावून बघावं लागायचं, इतकं गुपचूप!

लक्ष्मण आईसोबत आमच्या नाक्यामागच्या कॉलनीत राहायचा. पहिल्या दिवशी आला, "जय भीम नाना" म्हणाला आणि म्हणाला, "फक्त ऑईल बदला. रविवारी आईला गावाला न्यायचंय."

त्यांचं गाव निफाडच्या बाजूला. नाव लिहीत नाही, कारण तिथली माणसं अजून आहेत आणि मीही आहे. त्या गावाच्या वेशीतून सोनामावशी, म्हणजे लक्ष्मणची आई, तरुणपणी चपला हातात घेऊन गेलेली. पायात घालून गेलं तर चालायचं नाही. पुढं पुढं तर तिनं वेशीतून जाणंच सोडलं, मागच्या नाल्यातनं जायची. लक्ष्मणनं कुवेतच्या उन्हात एवढी वर्षं काढली ती एकाच गोष्टीसाठी. आईला गाडीत बसवायचं आणि त्या वेशीतून आत न्यायचं. बाकी त्याला गाडीचं काही नव्हतं.

आणि तिला चपला काढायला लावणारे माझेच जातभाई. म्हणून मला राग जास्त.

म्हणलं, ऑईल आत्ता बदलतो. तेवढ्यात जितूशेठ शेडमध्ये आला. गंगापूर रोडचा, बापाची कापडाची पेढी, ह्याला काम नाही. गाडीभोवती दोन चकरा मारल्या आणि तोंड वाकडं करून म्हणाला, "अशी कोरी नेणार?"

"मग काय हळद लावू तिला?" मी म्हणलं.

हसला. पण लक्ष्मण साधा माणूस. त्याच्या डोक्यात किडा सोडून गेला तो गेलाच. लक्ष्मण म्हणायला लागला, गावात जायचं तर जरा रुबाबात जाऊ, नाही का नाना? रविवार गेला.

* * *

पहिला रुबाब म्हणजे हॉर्न. जितूनं ट्रकचा हवेवरचा हॉर्न आणला, लग्नाच्या बँडसारखे सूर काढणारा. वायरिंग स्वतःच केलं. मला हात लावू दिला नाही. "नाना, तुमची जुनी पद्धत."

ट्रायलला पंचवटीत शिरलो. गल्ली एवढी, की समोरून रिक्षा आली तर एकानं श्वास आत घ्यायचा. पुढं एक अंत्ययात्रा चाललेली. जितूनं सवयीनं हॉर्नला हात लावला. हॉर्न वाजला आणि अडकला!

बंदच होईना. पुढं चौघांच्या खांद्यावर प्रेत, मागं आमची जपानी गाडी आणि लग्नाचा बँड. मागं रिव्हर्स घ्यावं तर हातगाड्या. मी उतरून बॉनेट उघडलं, तर वायर कुठून कुठं नेली ते जितूलाच सांगता येईना. मी शिव्या घालतोय, हॉर्न वाजतोय, वरच्या खिडक्यांतून बायका बघताहेत.

शेवटी पुढच्या खांदेकऱ्यानं मान वळवली आणि ओरडला, "अरे बाजूला घ्या रे! ह्याला आपल्या आधी पोचायचंय!"

* * *

दुसरा शौकीन पाठक. ओझरला विमानाच्या कारखान्यात कामाला. माणूस वाईट नाही. पण विमानाच्या जवळ राहून राहून त्याला वाटायचं की जमिनीवर जे चालतं ते सगळं अर्धवट राहिलेलं विमान आहे.

एका रविवारी मी गाडी तयार केली. हॉर्न काढला, धुतली, पुसली. लक्ष्मण चालवायला डावीकडं, पाठक उजवीकडं, मी मागं. स्टेअरिंग डावीकडं, मग ओव्हरटेक करताना पुढचं दिसायचं नाही. म्हणून उजवीकडं कुणी तरी बसून "ये, ये, थांब" सांगायला लागायचं. ते काम पाठकचं. टायरमध्ये हवा भरून आणायची आणि तसंच सोनामावशीला घ्यायचं, असं ठरलेलं.

पाठक रात्रपाळी करून आलेला. सीबीएस स्टँडच्या चौकात येईपर्यंत त्याची मान मागं पडली, तोंड उघडं, घोरायला लागला.

चौकातल्या हवालदारानं बघितलं. उजव्या सीटवरचा माणूस गाढ झोपलेला आणि गाडी पळतेय! शिट्टी फुंकत धावला. "अरे उठ! उठ! मरशील! लोकांना मारशील!"

लक्ष्मणनं गाडी थांबवली. हवालदारानं खिडकीतून हात घालून पाठकला गदगदा हलवलं.

"लायसन काढ!"

पाठक डोळे चोळत म्हणाला, "माझ्याकडं लायसन नाय."

हवालदारानं जमलेल्या लोकांकडं बघितलं. "बघा! झोपून चालवतो ते चालवतो, वर लायसन पण नाय!"

स्टेअरिंग पलीकडं आहे हे त्याला दाखवलं तेव्हा तो जास्तच चिडला. चारचौघांत माणूस उघडा पडला की असाच चिडतो. कागद तपासायचे म्हणून संध्याकाळपर्यंत गाडी चौकीपुढं. तिकडं सोनामावशी नवं लुगडं नेसून ओट्यावर बसलेली. दिवेलागणीला आम्ही पोचलो, तर ती एवढंच म्हणाली, "येष्टीनं दोनदा जाऊन आले असते."

* * *

त्यानंतर शहाणपण यायला पाहिजे होतं. आला पंख.

पाठकनं भद्रकालीच्या भंगारातून अॅल्युमिनियमचा पत्रा आणला, ठोकून ठोकून पंख केला आणि डिकीवर बसवला. "नाना, विमानाला पंख वर उचलतो. हा उलटा. गाडीला खाली दाबतो. मागची हवा दाबून पुढं पाठवतो."

म्हणलं, "दाबायला काय ती उडून चाललीय?"

ऐकतो कोण! चार बोल्ट मारले. मागच्या काचेला पंखाचा कोपरा असा अडला की डिकी उघडेचना. आणि डिकीत काय? सोनामावशीनं बहिणीला द्यायला सुकटाची पिशवी आदल्याच दिवशी ठेवलेली. वैशाखाचं ऊन.

बोल्टाचा आटा गेलेला, पाठकला ड्युटी, पुढचा रविवार उजाडला तरी पंख निघाला नव्हता. त्या दिवशी लक्ष्मणला चालवायला लावून त्यानं ट्रायल म्हणून मला बसवलं. गाडी जरा पळाली आणि मागून असा भपका आला की माझ्या डोळ्यांत पाणी. नाकाला फडकं लावून मी ओरडलो, "पाठक, सगळा वास पुढं येतोय रे!"

पाठकचा चेहरा उजळला. "येतोय ना? म्हणजे पंख काम करतोय!"

पाना हातात होता माझ्या. अजून वाईट वाटतं, मारला नाही त्याचं.

* * *

मग एक दिवस सोनामावशीच गॅरेजात आली. गुडघे धरत, थांबत थांबत. रस्त्याच्या कडेला टाकलेल्या टायरवर बसली. पंख निघालेला होता, पण जितू आता काचांना काळी फिल्म लावत होता. लक्ष्मण बाजूला कात्री धरून उभा.

"लक्ष्मण," ती म्हणाली, "गाडी हाय का नवरी? कवाची नटतीय."

जितू म्हणाला, "आजी, बघा तर खरं! आतून बाहेरचं दिसेल, बाहेरून आत कोण बसलंय ते कुणाला दिसणार नाही."

म्हातारीनं त्याच्याकडं असं बघितलं! "मग मी जाऊ कशाला बाबा? दिसायलाच तर जायचं हाय."

लक्ष्मणची मान खाली.

"माझे गुडघे काय तुमच्या गाडीसाठी थांबणार न्हाईत," ती म्हणाली. "वेशीपाशी बसलेले म्हातारे बी थांबणार न्हाईत. निम्मे तर मेले. उरलेले मरायच्या आत न्या मला."

ती गेल्यावर मी जितूला काय काय बोललो ते इथं लिहिता येणार नाही. फिल्म नखानं ओरबाडून काढली. म्हणलं, येत्या रविवारी गाडी जाणार. मध्ये कुणी बोट लावलं तर बोट कापीन.

* * *

आणि शनिवारी मला सिन्नरला भाचीच्या लग्नाला जावं लागलं.

संध्याकाळी परत आलो. शेडमध्ये जितू आणि पाठक छाती काढून उभे. गाडीकडं बघितलं तर वाटलं चारी टायर बसले. टायर नव्हते बसले, गाडी बसली होती! गॅसकटरनं चारी स्प्रिंगा कापलेल्या. पोट आणि जमीन यांच्यात माझी वहाण जेमतेम जाईल.

"लो केली, नाना!" जितू म्हणाला. "परदेशात अशाच असतात. आता बघा कशी चिकटून पळते."

"गाव परदेशात आहे का रे हरामखोरा? बैलगाडीचा रस्ता आहे तो!"

कापलेली स्प्रिंग काय पुन्हा शिवता येते? नवी आणावी तर नाशकात सोडा, मुंबईत मिळायला महिने लागले असते. मी खाली बसलो. लक्ष्मण आला, त्यानं गाडीभोवती एक चक्कर मारली. मला वाटलं आता रडतो.

"नाना, आता बास," तो म्हणाला. "उद्या निघायचं. आहे तशी."

* * *

निघालो. लक्ष्मण चालवायला, पुढं मी, मागच्या सीटवर मधोमध सोनामावशी. पायात नव्या कोल्हापुरी. जितू आणि पाठक मागून मोटारसायकलवर, कारण गाडीत त्यांना मी बसू दिलं नाही. वजन वाढलं असतं, आणि माझं डोकंही फिरलं असतं.

वाटभर गाडीचं पोट रस्त्याला घासत होतं. प्रत्येक दगड मला माझ्या बरगडीत लागत होता. मागं म्हातारी मात्र ताठ बसलेली, खिडकीच्या काचा पूर्ण खाली.

वेस आली. जुनी दगडी वेस, आणि खाली आडवा दगडी उंबरा. बैलगाडी सहज चढून जाते, अँबेसिडरही गेली असती. आमची पुढची चाकं पलीकडं गेली आणि गाडी पोटावर बसली. खर्रकन्! चाकं नुसती फिरतात. पुढंही नाही, मागंही नाही. अर्धी गावात, अर्धी गावाबाहेर.

मी जॅक काढला. गाडी इतकी खाली, की जॅक घालायला जागाच नाही. जितूकडं बघितलं. तो दुसरीकडं बघायला लागला.

पारावरची माणसं उठून आली. पोरं आली, बाया दारात आल्या. म्हातारा पाटील काठी टेकत आला. त्यानं आत वाकून बघितलं, ओळखलं, आणि तोंड कडू करून लक्ष्मणला म्हणाला, "म्हातारीला उतरव. हलकी होईल गाडी. जाईल ती चालत, सवय आहे तिला."

लक्ष्मणचे हात स्टेअरिंगवर पांढरे पडले. जाणारी-येणारी सगळी वाट बंद झालेली, मागं उसाच्या दोन गाड्या खोळंबलेल्या, त्यातली एक पाटलाचीच. मी मागं वळून हळूच म्हणलं, "मावशी, जरा उतरता का? तेवढं वजन कमी होईल."

"न्हाई," सोनामावशी म्हणाली. "मी न्हाई उतरायची."

"अगं पण गाडी निघायची कशी?" पाटील.

"उचला."

मागून उसाचा गाडीवाला ओरडला, "अरे उचला की! बैल किती वेळ उभे करू उन्हात?" तेव्हा पाटलाचे दोन पोरगे पुढं झाले, मग पारावरचे आणखी काही. जितू-पाठकही लागले. मी, लक्ष्मण उतरलो. मागच्या बंपरला, दाराखाली, जिथं मिळेल तिथं हात. जागा कमी पडली तेव्हा खिडकीतून सोनामावशी म्हणाली, "पाटील, ह्या अंगाला हाय की जागा."

पाटलानं काठी भिंतीला लावली.

"हां, दमानं," ती आतून सांगत होती. "अजून थोडं. कंबर सांभाळा."

गाडी उंबऱ्यावरून उचलली गेली आणि धप्पकन आत टेकली. सगळे धापा टाकत बाजूला झाले. कुणी कुणाकडं बघेना. लक्ष्मण घाम पुसत स्टेअरिंगवर बसला, मी पुढं बसलो.

मागून सोनामावशीनं लक्ष्मणच्या खांद्यावर हात ठेवला. सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली,

"लक्ष्मण, परत जाताना बी ह्याच रस्त्यानं जायचं!"